आंबट पाणी

थोरलीचं नाक भलतंच तिखट होतं. लग्न होऊन ती नवीन आली, तेव्हा नवऱ्याने मोठ्या हौसेने तिला आपली पिठाची गिरणी दाखवायला नेलं. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "आत उंदीर मेलाय." कामाला असलेल्यांपैकी कुणालाच वास येत नव्हता. पोती हलवली तर अगदी तळाशी उंदीर सापडला, अजून नीट कुजलाही नव्हता. तेव्हापासून घरात तिच्या नाकाची थट्टा व्हायची आणि त्याचा धाकही होता. दूध नासणार हे वहिनींना आदल्या दिवशीच कळतं, असं तिचा दीर गावभर सांगत फिरायचा. तिला मात्र या नाकाचं काडीचं कौतुक नव्हतं. ज्याचं नाक तिखट त्यालाच जगाची घाण जास्त, एवढंच तिला माहीत.

गिरणी दोघा भावांची. तान्ह्या मुलांच्या पेजेसाठी तांदळाचं बारीक पीठ दळायचं, पाकिटात भरायचं आणि प्रसूतिगृहांना नि दुकानांना पुरवायचं, हा धंदा. थोरला गिरणीवर असायचा. वर्षानुवर्षं जात्यांचा घरघराट ऐकून त्याला कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे घरातही तो ओरडूनच बोले. धाकटा बाहेरचं बघायचा, म्हणजे तांदूळ आणणं, माल पोचवणं आणि माणसं सांभाळणं. तोंडाने गोड, कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. पाकिटं भरण्याची खोली थोरलीच्या ताब्यात. आणि धाकटी, म्हणजे तिची जाऊ, लग्नाआधी एका दुग्धालयाच्या प्रयोगशाळेत काम करायची. घरात तिला सगळे जंतूंची बाई म्हणत.

मग एके दिवशी मोठ्या प्रसूतिगृहाने सगळा माल परत पाठवला. त्यांनी पीठ तपासून घेतलं होतं आणि त्यात कॅडमियम निघालं होतं. नदीच्या वरच्या अंगाला जस्त गाळायचा जुना कारखाना होता. तो बंद पडून जमाना झाला, पण कॅडमियम मिसळलेली त्याची राख आणि मळी अजून काठावर पडून होती. ती धुपून पाण्यात उतरायची, पाणी शेतात जायचं, आणि तांदळाचं रोप इमानाने सगळं दाण्यात साठवून ठेवायचं. दिसायला तांदूळ मोत्यासारखा.

"म्हणजे आपण पोरांना काय चारत होतो?" थोरलीने विचारलं.

"बॅटरीत घालतात तो धातू," धाकटी म्हणाली. "थोडा थोडा. तो मूत्रपिंडात जाऊन बसतो, हाडं पोखरतो. आणि एकदा अंगात गेला की अर्धं आयुष्य बाहेर निघत नाही."

थोरली उठून मोरीवर गेली आणि तिने हात धुतले. परत येऊन बसली, आणि पुन्हा उठून धुतले.

लांबून दुसरा तांदूळ आणायचा तर तिथलाही चांगला निघेल याची हमी कोण देणार, आणि इतका तांदूळ मिळणार कुठून, इथे घोडं अडलं. तेव्हा धाकटीने उपाय सुचवला. तांदूळ भरडून पाण्यात भिजवायचा, त्यात दही लावणाऱ्या जंतूंच्याच जातीतले जंतू सोडायचे आणि उबेत ठेवायचा. जंतू पाणी आंबट करतात. त्या आंबटपणाने धातू दाण्यातून सुटून पाण्यात येतो, काही जंतूंच्या अंगालाच चिकटतो. मग ते पाणी काढून टाकायचं, भरड स्वच्छ पाण्याने धुवायची, वाळवायची आणि दळायची.

"तान्ह्या पोरांच्या तोंडात जंतूंनी नासवलेलं घालायचं?" थोरलीने नाक मुरडलं.

"ताई, दही खाता तेव्हा काय खाता?"

"मी दही खात नाही," थोरली म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा घरात हसू फुटलं.

पण जेव्हा पहिला हौद आंबला तेव्हा तिला हसू आलं नाही. झाकण उघडल्याबरोबर तो वास तिच्या अंगावर धावून आला. आंबट, गोडसर, पोटातून वर आल्यासारखा. लहान मुलाने खांद्यावर दूध ओकावं आणि तो कपडा उन्हात विसरावा, तसा. वर फेसाची साय धरली होती, तिच्यात बुडबुडे फुटत होते, आणि खाली पाणी बुळबुळीत, लाळेसारखं तार धरणारं. धाकटीने त्यात बिनदिक्कत हात घातला, बोटं एकमेकांवर चोळून पाहिली आणि म्हणाली, "छान लागलंय." थोरली अंगणात जाऊन ओकली.

त्याहून वाईट पाठीमागची टाकी. काढलेलं आंबट पाणी उघड्यावर सोडलं तर धातू पुन्हा नदीतच जाणार, म्हणून धाकटीने आवाराच्या टोकाला एक बंद टाकी बांधून घेतली होती. तिच्यात चिखलात राहणारे दुसऱ्या जातीचे जंतू होते. त्यांना हवा सोसत नाही, आणि ते सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू सोडतात. तो वायू पाण्यातल्या धातूला धरतो आणि दोन्ही मिळून काळा गाळ होऊन तळाला बसतात. गाळ पिंपात भरायचा, पिंप सील करायचं, आणि विषारी कचरा नेणारा ट्रक आला की त्यात चढवायचं. टाकीला कोळशाची गाळणी लावली होती, तरी वारा फिरला की अख्खं घर सडलेल्या अंड्यात बुडायचं.

"हे तुझे जंतू धातू खाऊन टाकत नाहीत का गं?" थोरलीने एकदा रुमालातून विचारलं.

"धातू कुणी खाऊन टाकू शकत नाही, ताई. तो फक्त इकडून तिकडे जातो. जंतू त्याला एका जागी गोळा करतात, एवढंच त्यांचं काम. पुढं कुठं ठेवायचं ते आपलं."

पीठ पुन्हा तपासलं गेलं आणि चांगलं निघालं. प्रसूतिगृहाने पुन्हा माल घ्यायला सुरुवात केली, त्यांच्या सांगण्यावरून इतरांनीही. एका हौदाचे अनेक हौद झाले. थोरली रुमालावर लवंगेचं तेल शिंपडून कामाला जायची. तिची किळस कमी झाली नाही, पण तिच्याबरोबर राहायची सवय झाली, जशी कटकट्या नातेवाइकाची होते.

त्याच सुमारास धाकटीला दिवस गेले. टाकीचा वायू पोटुशीला बरा नव्हे, म्हणून टाकीचं काम तिच्या नवऱ्याने अंगावर घेतलं. "तू फक्त हौदांकडे बघ, मागचं मी बघतो," असं त्याने सांगितलं, आणि सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. थोडे आठवडे गेले आणि टाकीचा वास कमी झाला. वारा फिरला तरी जेवण घशाखाली उतरू लागलं. थोरलीला इतकं बरं वाटलं, की वास का कमी झाला हे तिने विचारलंच नाही.

धाकटीच्या अंगात रक्त कमी होतं. तिच्या नवऱ्याने कुठून तरी ऐकलं की कलेजीने रक्त वाढतं, आणि तो दर आठवड्याला कोंबडीवाल्याकडून ताजी कलेजी आणू लागला. कोंबडीवाला त्याचा जुना दोस्त, नदीच्या पलीकडे त्याची शेड होती. कलेजी शिजवायची थोरलीने. त्या लिबलिबीत, जांभळट गोळ्यांना हात लावताना तिच्या अंगावर काटा यायचा. मान वळवून, श्वास धरून ती चिरायची, भरपूर मिरी आणि लिंबू घालून परतायची, आणि ताट जावेपुढे ठेवून लांब जाऊन बसायची.

"तुम्ही माझ्यासाठी केवढं करता ताई," धाकटी खाता खाता म्हणायची.

"खा मुकाट्याने. बोलताना तोंडातलं दिसतंय."

एकदा दीर माल पोचवायला बाहेरगावी गेला होता, म्हणून कलेजी आणायला थोरली स्वतः निघाली. पूल ओलांडला, शेडच्या दिशेने वळली, आणि तिचे पाय आपोआप मंदावले. कोंबड्यांच्या शेडला येणारा वास तिला अपेक्षित होता. विष्ठेचा, पिसांचा, ओल्या भुशाचा. तो होताच. पण त्याच्याखाली दुसरा एक वास होता. आंबट, गोडसर, पोटातून वर आल्यासारखा. बाजारात शेकडो माणसांत आपल्या माणसाच्या खोकल्याची ढब ओळखू यावी, तसा तिने तो ओळखला.

कोंबडीवाला बाहेर आला. गुबगुबीत, हसरा माणूस, कोपरापर्यंत पिसं चिकटलेली. "अरे वा, वहिनी आज स्वतः? या, या."

"हा वास कसला?"

"कसला म्हणजे? तुमच्याच घरचा," तो हसून म्हणाला आणि त्याने तिला आत नेलं. भिंतीशी निळी पिंपं उभी होती. तिच्या गिरणीतलीच. एका पिंपाला नळी लावून पाणी पन्हळीत सोडलं होतं आणि कोंबड्या दाटीवाटीने माना खुपसून पीत होत्या. चोचींवरून बुळबुळीत तारा लोंबत होत्या. "भाताचं आंबवण म्हणजे जनावराला अमृत. तुमचा दीर रोज पाठवतो. दाण्याचा खर्च निम्मा झाला माझा, आणि पाखरं बघा कशी टुमटुमीत. म्हणून तर कलेजीचं मी काही घेत नाही त्याच्याकडून. घरचंच समजा."

त्याने कलेजीची पिशवी तिच्या हातात दिली. ती अजून कोमट होती.

थोरलीने तोंड उघडलं, पण तोंडात पाणी सुटलं होतं, जसं ओकायच्या आधी सुटतं. ती मान हलवून बाहेर पडली. पुलावर तिने कठडा धरला आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं काढलं. खाली नदी चमकत होती. येणारे-जाणारे बघत होते. एका बाईने विचारलं, "पाणी देऊ का?" थोरलीने हाताने नको म्हटलं. त्या बाईचा स्वच्छ पेलासुद्धा तिला त्या घडीला सोसला नसता.

पिशवी टाकून द्यावी असं वाटलं, पण कुठं टाकणार? कुत्रं खाईल. पाण्यात टाकली तर मासे. तिने ती घट्ट गाठ मारून घरी आणली आणि मागच्या खोलीत एका डब्यात बंद करून ठेवली.

दीर संध्याकाळी परतला. ती गिरणीच्या दारातच उभी होती.

"भावजी, टाकीत पाणी का जात नाही?"

तो क्षणभर गडबडला, मग त्याचं नेहमीचं हसू आलं. "जातं की. काही जातं."

"आणि बाकीचं कोंबड्यांना?"

हसू मावळलं. तो बाकावर बसला. "वहिनी, तुम्ही हिशोब करा. हौद वाढले, टाकी तेवढीच. ते जंतू किती पचवतील? तुंबून वर आलं होतं सगळं. मी काय करणार होतो? ओढ्यात सोडू? ते तर नाही केलं मी. तो दोस्त म्हणाला, आंबवण आहे, दे मला. वाया जाण्यापेक्षा..."

"त्याला सांगितलं त्यात काय आहे ते?"

"थोडंसंच तर असतं. आणि पाखरांनाच तर जातं. माणसांनी कुठं प्यायलं?"

"कोंबड्या कोण खातं?"

त्याने दाराकडे एक नजर टाकली. मग हळूच म्हणाला, "टाकी वाढवायला घेणारच होतो. घरात आत्ता नका काढू हा विषय. तिची अवस्था बघा. झाकली मूठ आहे, राहू द्या."

"मी विचारलंय तिला एकदा," थोरली म्हणाली, "हा धातू अंगात गेला की कुठं बसतो. मूत्रपिंडात बसतो. आणि त्याच्याआधी कुठं माहीत आहे? कलेजीत."

दिराच्या चेहऱ्यावरचा रंग एकदम उडाला. ओठ पांढरे पडले. त्याने बाकाची कड धरली. "तिच्या... मी तर तिच्यासाठी..."

आणि नेमकं त्याच वेळी थोरलीला त्याची किळस आली. हौदाची कधी आली नव्हती, टाकीची नव्हती, त्या जांभळट गोळ्यांची नव्हती, इतकी. इतके आठवडे गावातल्या पोराबाळांच्या ताटात जात होतं, तेव्हा हा माणूस नीट जेवत होता, हसत होता, झोपत होता. स्वतःच्या बायकोच्या ताटात गेलं म्हटल्यावर आता त्याला घाम फुटला. तो रडू लागला, आणि त्याचं ते ओलं तोंडही तिला बघवेना. लहानपणी हाच मुलगा आपल्या पानातली भाजी हळूच कुत्र्याला घालून आईकडून शाबासकी मिळवायचा, असं तिच्या नवऱ्याने सांगितलेलं, तेव्हा ती पोट धरून हसली होती.

"वहिनी, पाया पडतो. तिला सांगू नका."

"तुम्ही सांगणार की मी?"

त्याने मान खाली घातली. मग तिनेच सांगितलं.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. एक हात पोटावर होता, तो तिने काढला नाही. ओरडली नाही. फक्त विचारलं, "किती आठवडे?" आणि मग, "कलेजी शिल्लक आहे का?" डबा घेऊन ती त्याच पावली प्रसूतिगृहाच्या प्रयोगशाळेत गेली, थोरली बरोबर. तिथे तिने स्वतःचं रक्त आणि लघवीही तपासायला दिली. डॉक्टरीणबाईंपुढे बसून तिने काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, कुणाचंही नाव न लपवता. थोरली शेजारी बसून जमिनीकडे बघत राहिली.

कलेजीत धातू भरपूर निघाला. धाकटीच्या अंगातही निघाला, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर कळलं, घाबरण्याइतका नाही. गर्भाची वार बराचसा धातू स्वतःत अडवते. बाळ वाढतंय. पण आता या घरातलं काही तपासल्याशिवाय पोटात जायचं नाही.

"वार अडवते," धाकटी रिक्षात बसल्यावर म्हणाली. "म्हणजे तीही एक टाकीच झाली." आणि मग ती इतकी रडली, की रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली.

घरी आल्यावर थोरल्याला सांगायचं होतं. त्याला हळू बोलून काही कळायचं नाही, त्यामुळे ही गोष्ट थोरलीला ओरडून सांगावी लागली, आणि शेजारपाजाऱ्यांनीही ती ऐकली. एका अर्थी बरंच झालं. थोरल्याने ऐकलं, जाऊन जात्यांचा खटका बंद केला, आणि भावाला एवढंच म्हणाला, "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ते आंधळं मी होतो होय?" नंतर किती तरी दिवस तो त्याच्याशी बोलला नाही.

कोंबडीवाल्याकडे दिराला स्वतःच जावं लागलं. थोरली मागे उभी होती, तो पळून जाऊ नये म्हणून. कोंबडीवाल्याला आधी थट्टाच वाटली. मग कळलं. त्याने हातातली बादली खाली ठेवली आणि म्हणाला, "माझी पोरं रोज अंडी खातात." दिराने त्याच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला, तर तो अंगावर गोगलगाय चढल्यासारखा मागे सरकला.

डॉक्टरीणबाईंनी कळवलं, तशी नगरपालिकेची माणसं आली आणि सगळी पाखरं मारावी लागली. पुरायचीही नाहीत, खड्ड्यातून पुन्हा जमिनीतच जाईल. पिशव्यांत भरून सील करून न्यायची. माणसं पुरेनात. थोरली हातमोजे घालून गेली. टुमटुमीत, अजून ऊबदार कोंबड्या पायाला धरून तिने पिशव्यांत भरल्या. माना लोंबत होत्या, चोचींतून आंबट पाणी गळत होतं. लवंगेचा रुमाल तिने नेलाच नव्हता. वास येत होता, आणि ती भरत राहिली. दीरही शेवटपर्यंत तिच्या शेजारी काम करत होता. मध्ये त्याने पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली नाही.

गिरणी बरेच दिवस बंद राहिली. मोठ्या दोन टाक्या बांधून झाल्या, त्यांची तपासणी झाली, मगच हौद पुन्हा लागले. टाक्यांची देखभाल दिराकडेच आली, पण आता थोरली रोज सकाळी जाऊन झाकणाशी उभी राहते आणि नाकाने खात्री करून घेते. वास नसेल तर विचारते. तो खाली मान घालून उत्तर देतो. दीर आणि धाकटी एका घरात राहतात, एका ताटात जेवत नाहीत. धाकटी त्याच्याशी कामाचं बोलते. पुढे काय होईल ते तिलाही माहीत नसावं.

एकदा कोंबडीवाला गिरणीत आला. शेड रिकामी पडली होती, तो आता मिळेल ते काम करत होता. त्याला आलेला पाहून सगळे चपापले. तो दिराकडे न बघता धाकटीला म्हणाला, "बाई, मला ते बघायचंय. तुमचं ते काळं."

तिने त्याला पिंप दाखवलं, झाकण लावलेलं. सील व्हायच्या आधी थोडं उघडून दाखवलं. आत डांबरासारखा काळा, चकचकीत गाळ होता. त्याने वाकून पाहिला, नाक दाबलं.

"हे इथून कुठं जातं?"

"ट्रक नेतो."

"आणि ट्रक कुठं नेतो?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने तिच्याकडे. एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

ट्रक आला त्या दिवशी दोघी जावा त्याच्या मागोमाग रिक्षाने निघाल्या, कोंबडीवाला पुढे रिक्षावाल्याशेजारी बसलेला. धाकटीला आता नीट बसवत नव्हतं, पण ती ऐकेना. शहर संपलं, विटांच्या भट्ट्या संपल्या, कुंपण आलं. आत काळ्या प्लास्टिकने मढवलेला भला मोठा खड्डा होता, बाजूंनी सिमेंटच्या भिंती. सगळ्या गावांची घाण तिथे ओळीने लावलेली होती. जळक्या रबराचा, औषधांचा, आणखी कशाकशाचा वास. राखणदार पिंपाला टेकून शांतपणे पाव खात होता.

"कोण पाहिजे?" त्याने विचारलं.

"आमची पिंपं आहेत," थोरली म्हणाली. "उतरवताना बघायचंय."

"बघण्यासारखं काय आहे त्यात?"

ती खड्ड्याच्या कडेला गेली. पिंपं एकेक करून खाली गेली. वरून सिमेंट ओतणारी गाडी यायला वेळ होता. राखणदाराने धाकटीसाठी एक खुर्ची आणून दिली. कोंबडीवाला खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला. थोरली उभीच राहिली, नाकाला काहीही न लावता, शेवटचं पिंप सिमेंटखाली जाईपर्यंत.